चालेल ना हो तो?

या सदरात वर्षभर मी कंबरदुखी, गुडघेदुखी, टाचदुखी असल्या घरगुती दुखण्यांवर चार-चार ओळींची उत्तरे देत असते. अमुक व्यायाम दहा वेळा करा, तमुक करू नका, उंच उशी टाळा, वजन उतरवा. वाचक ही उत्तरे कापून ठेवतात असे संपादक म्हणतात. व्यायाम करतात की नाही ते त्यांनाही ठाऊक नसावे. पण माझ्या टपालात एक जातीची पत्रे अशी येतात, की त्यांचे उत्तर चार ओळींत मावत नाही. ती मी बाजूला काढून ठेवते. दिवाळी अंकात संपादक सढळ हाताने पाने देतात, आणि यंदाची पाने त्या पत्रांना द्यायची हे मी गणपतीतच ठरवून टाकले होते.

ही पत्रे बायकोची असतात, बापाची असतात, धाकट्या भावाची असतात. ज्याचे दुखणे त्याचे पत्र मात्र क्वचित. पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारायला माणूस छपरावर चढतो आणि वासा मोडून खाली येतो. कुणी आंब्यावरून पडतो, कुणी कठडा नसलेल्या विहिरीत. मोटरसायकलच्या अपघातांना तर ऋतूच नाही. मणका मोडतो, शहरात नेऊन शस्त्रक्रिया होते, पट्ट्या आणि स्क्रू बसतात, महिना-दीड महिन्याने माणूस घरी येतो, आणि मग मला पत्र येते. हकीगती निरनिराळ्या असल्या तरी शेवटची ओळ एकच असते. "मॅडम, चालेल ना हो तो?"

"हो, चालेल" असे ठणकावून सांगणारे त्यांना आधीच भेटलेले असतात. मालिशवाला सांगतो, देवऋषी सांगतो, शेजारच्या गावचा कुणी "आमच्या मेव्हण्याचं अगदी अस्संच झालं होतं, आता सायकल मारतो" म्हणून सांगतो. "नाही" असे तोडून सांगणाराही एखादा भेटलेला असतो. बहुधा तो घाईत असतो आणि उभ्या उभ्या सांगतो. मला या दोन्ही मंडळींत सामील व्हायचे नाही. माझे म्हणणे एवढेच, की हा प्रश्न पहिला नव्हे. तोच पहिला धरून बसल्यामुळे बाकीचे सगळे प्रश्न मागे पडतात, आणि त्यात माणूस बिघडतो.

आत काय झाले आहे ते आधी पाहू. मणक्यांच्या माळेतून मज्जारज्जू खाली उतरतो. जाडी करंगळीएवढी, लांबी सुमारे दीड फूट. मेंदूचे हुकूम याच वाटेने हातापायांना जातात आणि हातापायांच्या खबरा याच वाटेने मेंदूला पोचतात. मणका मोडला तर हाड सांधते; त्यासाठीच ते स्क्रू. पण आतला रज्जू चेंगरला तर त्याचे तंतू हाडासारखे पुन्हा जुळून येत नाहीत. "ऑपरेशन यशस्वी झाले" याचा अर्थ हाड जागेवर बसले, आता रुग्णाला हलवायला हरकत नाही, इतकाच असतो. घरची माणसे तेच वाक्य ऐकतात आणि पाय कधी हलतील याची वाट पाहू लागतात. डॉक्टर खोटे बोललेले नसतात, घरच्यांनीही चुकीचे ऐकलेले नसते, आणि तरीही दोघांच्या मध्ये कित्येक महिने फुकट जातात.

मार कुठल्या पातळीवर लागला यावर पुष्कळ अवलंबून असते. मानेत अगदी वर लागला तर श्वासाचा पडदाही लुळा पडतो. मानेच्या पाचव्या पातळीपर्यंत रज्जू शाबूत असेल तर कोपर वाकवता येते, सहाव्यापर्यंत असेल तर मनगट वर उचलता येते, सातव्यापर्यंत असेल तर कोपर जोराने सरळ करता येते. हे सातवे फार मोलाचे, कारण कोपर सरळ झाले की माणूस हातांवर स्वतःचे वजन तोलू शकतो. छातीच्या खाली लागला तर दोन्ही हात पूर्ण शाबूत. शिवाय रज्जू पुरता गेला आहे की अर्धवट, हे वेगळेच. ते ठरवताना डॉक्टर शौचाच्या जागेची संवेदना तपासतात आणि घरच्यांना तो प्रकार चमत्कारिक वाटतो. पण रज्जूच्या सर्वांत खालच्या टोकाची खबर तिथून मिळते. तिथे स्पर्श कळत असेल तर वरपासून खालपर्यंत एखादी तरी तार जिवंत आहे. अशा अर्धवट दुखापतीची पुष्कळ माणसे थोडीफार चालू लागतात, काही चांगली चालतात. दुखापत पुरती असेल तर ते क्वचितच घडते. जे परत यायचे त्यातले बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येते, आणि वर्षानंतर फार थोडे. म्हणून रुग्णाला हात लावून पाहिल्याशिवाय "चालेल" किंवा "चालणार नाही" असे पत्रातून सांगणारा माणूस, मग तो कितीही मोठा असो, विश्वासाचा नाही.

आज हे सगळे शांतपणे लिहिता येते. शंभर वर्षांपूर्वी असला लेख लिहायची गरजच पडली नसती, कारण असा माणूस जगतच नसे. इजिप्तमध्ये सापडलेली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची एक वैद्यकीय पोथी आहे. एडविन स्मिथ नावाच्या गृहस्थाने ती विकत घेतली म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. मान मोडून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचे वर्णन करून तिच्यात वैद्याने शेरा मारला आहे, की या दुखण्यावर उपचार करायचा नाही. हा शेरा विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ तसाच चालू राहिला. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत, काही महिन्यांत गेले. ते कण्याने मेले नाहीत. अंथरुणाला पाठ लागून झालेल्या जखमा आणि लघवीतला जंतुदोष यांनी ते मेले.

जर्मनीतल्या एका खाणकामगारांच्या दवाखान्यात १९१७ साली एक पोरगेलासा स्वयंसेवक काम करत होता. कणा मोडलेला एक धिप्पाड कामगार तिथे आला. पोरगा त्याची टिपणे लिहून घेऊ लागला तेव्हा त्याला सांगण्यात आले, की कशाला कष्ट घेतोस, हा काही आठवड्यांचाच सोबती. पाच आठवड्यांनी तो कामगार खरोखरच गेला. त्या स्वयंसेवकाचे नाव ल्युडविग गुटमान. पुढे तो मज्जासंस्थेचा नामांकित डॉक्टर झाला, ज्यू म्हणून हिटलरच्या राज्यात त्याची नोकरी गेली, आणि १९३९ साली बायकामुलांसह तो इंग्लंडला पळाला. युद्धातले जखमी येऊ लागल्यावर इंग्रज सरकारने त्याला लंडनपासून काही अंतरावर एलिसबरी गावच्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात कणा मोडलेल्यांचा विभाग काढून दिला. तारीख १ फेब्रुवारी १९४४. हे काम घ्यायला दुसरे कुणी फारसे उत्सुक नव्हते, असे म्हणतात.

गुटमानने काय केले? औषध नवे काढले नाही. रुग्णांना प्लास्टरच्या साच्यात घालून ठेवत, ते साचे त्याने फेकून दिले. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येकाची कूस बदलायची असा दंडक घातला, आणि तो पाळला जातो की नाही ते पाहायला स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात फिरू लागला. मग त्याने माणसे बसती केली. बसलेल्यांकडे जड चेंडू फेकायला लावला. मरायला टेकलेल्यांकडून कवायत करून घेतो म्हणून लोकांनी नावे ठेवली असतील, ठेवोत बापडे. चाकाच्या खुर्चीत बसून काठ्यांनी पोलो खेळण्यापर्यंत मजल गेली. तो खेळ फार आडदांड निघाला म्हणून बंद करून बास्केटबॉल आणला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, इस्पितळाच्या हिरवळीवर चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया अशा सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा त्याने भरवली. बारा वर्षांनी, १९६० साली, रोम शहरात तेवीस देशांचे चारशे खेळाडू जमले. आज ज्याला पॅरालिंपिक म्हणतात त्याचे मूळ ते.

तिरंदाजीच का, असे कुणी विचारील. धनुष्य ओढून पाहा म्हणजे कळेल. खांदे, पाठीचा वरचा भाग, दंड, सगळे कामाला लागते, आणि ज्याला कमरेखाली काही कळत नाही त्याला बाण सुटेपर्यंत धड स्थिर ठेवावे लागते. तो खेळ म्हणजे औषधाचा डोस होता, फक्त तो घेताना रुग्णाला औषध घेतोय असे वाटत नसे. माझ्या धंद्यातले निम्मे शहाणपण एवढ्यात आले.

आता आमच्या वॉर्डातली गोष्ट सांगते. मालवणकडचा एक पाडेली आमच्याकडे आला होता. वय तिशीच्या आत. माडावरून पडून छातीचा दहावा मणका मोडला होता आणि दुखापत पुरती होती. बरोबर म्हातारी आई. ती मला "बाय" म्हणायची आणि मी दिसले की विचारायची, "माझो झील चलतलो मां गो बाय?" त्याचे खांदे आणि दंड पाहून मला हेवा वाटला. वर्षानुवर्षे माडावर चढून कमावलेले शरीर. असले हात घेऊन येणारा रुग्ण आम्हांला दहात एक मिळत नाही. म्हणून मला वाटले होते, की हा चटकन शिकेल. पण त्याची अडचण निराळीच निघाली. झाडावर हात वर गेले की पाय आपोआप खोडाला आवळायचे, ही त्याच्या अंगात मुरलेली सवय. गादीवर पाय पसरून बसवले आणि हात उचलायला सांगितले की तो पायांवर भरवसा ठेवायचा आणि धाडकन कडेला कलंडायचा. कंबर कुठे आहे हे त्याला आतून कळत नव्हते. समोर आरसा ठेवून तोल डोळ्यांनी सांभाळायला शिकवावे लागले. आधी एक हात उचलून, मग दोन्ही, मग झेललेला चेंडू परत टाकून. तीन आठवडे त्यात गेले.

एके दिवशी आई नसताना त्याने मला विचारले, "मी चलतलंय काय?" मी त्याला खरे ते सांगितले. जे तपासून दिसले होते ते, आणि त्याचा अर्थ. तो दोन दिवस व्यायामाला आला नाही. मी बोलावणे धाडले नाही. तसे धाडू नये असे माझे मत आहे. तिसऱ्या दिवशी वॉर्डबॉयला घेऊन आला आणि म्हणाला, "खुर्चेतसून जमनीर कसा उतरूचा ता दाखवा."

मला तो प्रश्न फार आवडला. परदेशी पुस्तकांत खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर कसे जावे हे चित्रांसह दिलेले असते. आपले घर जमिनीवर चालते. जेवणाचा पाट जमिनीवर, विळी जमिनीवर, पोर रांगते ते जमिनीवर. खुर्चीतून जमिनीवर उतरणे आणि जमिनीवरून खुर्चीत चढणे हा आमच्या शिक्षणातला सगळ्यांत अवघड धडा. हातांना अंगाचे सारे वजन दीड फूट वर न्यावे लागते. आम्ही आधी विटेवर, मग पाटावर, मग स्टुलावर असे टप्प्याटप्प्याने चढवतो. पाडेल्याला तो जमायला दोन महिने लागले. नंतर खुर्चीची पुढची चाके उचलून मागच्या दोन चाकांवर तोल धरायला तो शिकला. हे सर्कशीतले काम दिसते खरे, पण त्यावाचून कोकणातल्या घराचा उंबरठा ओलांडता येत नाही.

त्याच सुमारास दुसरा एक रुग्ण आला. दुखापत जवळजवळ तीच. घरच्यांनी त्याला आठ महिने खाटेवर निजवून ठेवले होते, कारण ऊठबस केली तर टाके तुटतील असे कुणीतरी सांगितले होते, आणि पाय परत आल्यावर उठवू असा त्यांचा बेत होता. सेवेत कसूर नव्हती. रोज तेलाचे मालिश, रोज दूध-अंडी. पण माकडहाडापाशी जखम होऊन आत हाड दिसत होते आणि दोन्ही पावले खाली वळून तशीच ताठली होती, इतकी की खुर्चीच्या पायपट्टीवर टेकेनात. ती जखम भरून येईपर्यंत त्याला बसवता येईना. पाडेली आपल्या गावी गेला तेव्हा हा गृहस्थ अजून पालथाच होता. दोघांच्या कण्यात फरक नव्हता, आठ महिन्यांत होता.

मालिशाविषयी मला राग नाही. पण या दुखण्यात तेल आणि शेक यांच्यासारखे घातक प्रेम नाही. ज्या कातडीला कळत नाही तिला गरम पाण्याच्या पिशवीने फोड येतो आणि रुग्णाला पत्ता नसतो. खाटेखाली शेगडी ठेवून टाचा भाजलेला माणूस मी पाहिला आहे. आणि बोटांचा किस्सा तर प्रत्येक मानेच्या दुखापतवाल्याच्या घरी सांगायला हवा. सातारकडची एक कॉलेजातली मुलगी. मानेच्या सहाव्या पातळीची दुखापत, म्हणजे मनगट उचलता येते, बोटे हलत नाहीत. तिचे वडील शिक्षक. बोटे आखडू नयेत म्हणून ते रोज रात्री मनगट आणि बोटे दोन्ही एकदम मागे ताणून तास-तास चोळत. वस्तुतः अशा हातात निसर्गाने एक सोय ठेवलेली असते. मनगट वर उचलले की बोटांच्या कंडरा आपोआप ताणल्या जाऊन बोटे मिटतात, मनगट खाली सोडले की उघडतात. त्या मिटण्यात चमचा धरता येतो, पेन धरता येतो. पण कंडरा ढिल्या पडल्या तर हा मासा कायमचा गळातून सुटतो. बोटे सरळ करायची तर मनगट खाली वाकवूनच. मास्तरांना समजावून सांगितल्यावर त्यांनी मला एकच विचारले, "मग मी काय करू?" रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून तिच्याकडून मनगट उचलण्याचे तीस फेरे मोजून घ्या, म्हटले. फळ्यावर रेघा मारून त्यांनी ते मोजले. मुलगी पुढे स्वतःच्या हाताने जेवू लागली. भाकरी मोडून द्यावी लागते, कालवण चमच्याने ती घेते.

चालण्याच्या यंत्रांबद्दल वाचक हमखास विचारतात. मोठ्या शहरांत हल्ली रुग्णाला पट्ट्यांनी टांगून सरकत्या पट्ट्यावर चालवणारी यंत्रे आहेत, पायांना बांधायचे यांत्रिक सांगाडे आहेत. अर्धवट दुखापतीत चालण्याचा सराव भरपूर करायलाच हवा, यात शंका नाही. पण २००६ साली अमेरिका-कॅनडातल्या १४६ ताज्या रुग्णांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना टांगून सरकत्या पट्ट्यावर चालवले, निम्म्यांना तेवढाच वेळ साध्या जमिनीवर आधाराने. अर्धवट दुखापतीचे बरेच जण दोन्ही गटांत चालू लागले आणि दोन्ही गटांत फरक निघाला नाही. अंगणात बांबूचे दोन कठडे ठोकून तिथे रोज चालणाऱ्या माणसाने यंत्र मिळाले नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. पाडेल्यासारख्या पुरत्या दुखापतीत दोन्ही पायांना कॅलिपर लावून कुबड्यांवर उभे राहता येते, दहा-वीस पावले झोके घेत टाकताही येतात. पण त्याला दम इतका लागतो, की बहुतेक जण काही महिन्यांनी कॅलिपर कोनाड्यात ठेवतात आणि खुर्चीने कामाला लागतात. त्यात हार कसली?

सुपरमॅनचे काम करणारा नट ख्रिस्टोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडला आणि मानेपासून खाली लुळा झाला. त्याच्याजवळ पैसा होता, माणसे होती. विजेचे हलके झटके देऊन पाय फिरवणाऱ्या सायकलवर तो नेमाने व्यायाम करी. पाच वर्षांनी त्याची तर्जनी हलली, पुढे आणखी थोडी हालचाल आणि स्पर्शाची जाणीव परत आली. सगळे डॉक्टर चकित झाले. तो चालला नाही. २००४ साली तो गेला. त्याच्या तर्जनीची बातमी आपल्याकडे वाचली जाते, पाच वर्षांच्या सायकलीची वाचली जात नाही. आणि मग शेत विकून मूळ पेशींची इंजेक्शने घेतली जातात. या दुखण्यावर ती उपयोगी पडतात हे अजून सिद्ध झालेले नाही. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून कुणी पैसे मागू लागला तर तिथून खुर्ची वळवून बाहेर यावे.

आपल्या देशात पाहायची माणसे थोडकी नाहीत. मेरी वर्गीस ही वेल्लोरची तरुण डॉक्टर १९५४ सालच्या मोटार अपघातात कमरेखाली लुळी झाली. तिने खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, मग परदेशी जाऊन हेच पुनर्वसनाचे शास्त्र शिकून आली आणि वेल्लोरला त्याचा विभाग उभा केला. मेजर अहलुवालिया २९ मे १९६५ रोजी एव्हरेस्टवर उभे होते. त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून ते खुर्चीला खिळले, गुटमानच्या स्टोक मँडव्हिलला उपचार घेऊन आले, आणि पुढे दिल्लीत त्यांनी कण्याच्या दुखापतींचे स्वतंत्र इस्पितळ उभारले. आणि सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५च्याच युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग गेला. पाण्यात अंग हलके होते म्हणून उपचारासाठी पोहणे सुरू झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून पॅरालिंपिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक आणले. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली. मधल्या सेहेचाळीस वर्षांबद्दल मी काही म्हणत नाही.

पदक प्रत्येकाने आणावे असे नाही. किती व्यायाम पुरे, याचा जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून २०१८ साली हिशेब घातला आहे. अंगात ताकद आणि दमसास राहावा म्हणून आठवड्यातून दोनदा निदान वीस मिनिटे दम लागेल असा व्यायाम, आणि जे स्नायू चालतात त्या प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा वजनाचे तीन-तीन फेरे. हृदय आणि साखर ताब्यात ठेवायची तर दम लागणारा व्यायाम तीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा. खुर्ची जोराने ढकलत गावाच्या रस्त्याने एक चक्कर मारली तरी चालते. वजने नसतील तर पाण्याच्या बाटल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबा. खांद्यांना मात्र जपावे. आता चालायचे कामही त्यांनाच आहे. पूर्वी आम्ही दर थोड्या वेळाने हातांवर अंग उचलायला सांगत असू. आता खांदे वाचवण्यासाठी पुढे किंवा बाजूला झुकून दोन मिनिटे ढुंगणावरचा भार काढा असे सांगतो, दर अर्ध्या तासाच्या आत एकदा. बैठकीखाली चांगली गादी हवी, आणि रात्री निजताना आरशात पाठ-ढुंगण पाहण्याची सवय हवी. लाल डाग दिसला आणि तो जाईना तर दुसऱ्या दिवशी बसायचे नाही.

मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागाच्या दुखापतवाल्यांना दोन गोष्टी जास्त. त्यांना घाम नीट येत नाही, म्हणून उन्हात व्यायाम नको, अंगावर ओला पंचा ठेवावा. आणि व्यायाम करताना किंवा एरवीही एकाएकी डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, वरच्या अंगाला घाम फुटला, तर रक्तदाब भयंकर चढलेला असू शकतो. आडवे करू नका. ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का, मूत्राशय तुंबले आहे का ते आधी पाहा. बहुतेक वेळा तेच कारण निघते. दहा मिनिटांत उतार पडला नाही तर इस्पितळ गाठा. हा परिच्छेद मात्र खरोखरच कापून ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दुखावलेल्या मज्जारज्जूची दीड कोटीहून अधिक माणसे जगात आहेत. मुंबईत हाजी अलीजवळ या कामाची सरकारी संस्था १९५५पासून आहे, जवानांसाठी खडकीला केंद्र आहे. पण तालुक्याच्या गावी कुणी नाही, म्हणून माझ्याकडे पत्रे येतात आणि येत राहणार. तेव्हा पुढच्या पत्रात एवढे लिहावे. दुखापत कधीची, कुठल्या मणक्याची. शौचाच्या जागी स्पर्श कळतो की नाही, ते लाजू नये. बसता किती वेळ येते, आणि बसल्यावर चक्कर येते का. अंगावर कुठे जखम आहे का, पावले सरळ आहेत का. घरात हातांनी करण्यासारखा धंदा कोणता, पाडेली आता हिरांचे खराटे बांधतो. आणि घराच्या दाराची रुंदी लिहावी, चौकटीच्या आतून मोजलेली, इंचांत.